तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिमिनॉलॉजी शिकून पुढे काय?

"मुलगी क्रिमिनॉलॉजीत एम.ए. करायचं म्हणतेय. ते करून पुढे काय, पोलिसात घेतात का?" दरवर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी, माझा आ वासलेला असताना. तेव्हा उत्तर देणं शक्यच नव्हतं, म्हणून आता लिहूनच टाकते.

पोलिसात घेत नाहीत. फौजदार व्हायचं तर एमपीएससीच द्यावी लागते. ठसे आणि रक्ताचे नमुने तपासायचे असतील, तर तो न्यायसहायक विज्ञानाचा, म्हणजे फॉरेन्सिकचा, कलिन्याच्या सरकारी प्रयोगशाळेकडे जाणारा रस्ता. क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, मी देवनारला 'टिस'मध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) शिकले ते समाजकार्याचा भाग म्हणून. वर्गात कायदा, मानसशास्त्र, तुरुंगांचा इतिहास हे सगळं असतं. आपल्याकडे आरोपी मुलांना मोठ्यांपेक्षा वेगळं वागवणारा मुंबई बालक अधिनियम 1924 सालीच आला होता, तरी मुलं तुरुंगात ठेवू नका हे 1986 साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, तेही मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी दाद मागितली तेव्हा. हे वाचून परीक्षा पास होता येते. काम शिकवतं ते फील्डवर्क, आणि त्यातही एक कागद: सामाजिक तपास अहवाल.

अठरा वर्षांखालच्या मुलावर आरोप आला की त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे आणावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली निदान एक बाई. बेड्या नाहीत, लॉकअप नाही. मग मंडळ परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला), तो नसेल तर एखाद्या समाजकार्यकर्त्याला सांगतं की पंधरा दिवसांत या मुलाच्या घरी जाऊन या. कुठे राहतो, घरात कोण, शाळा का सुटली, कुणाबरोबर फिरतो, ते लिहून आणा. हाच तो सामाजिक तपास अहवाल.

म्हणजे गोवंडीतल्या एखाद्या गल्लीत जिन्याऐवजी लावलेली लोखंडी शिडी चढून जायचं. आई प्लॅस्टिकची पिशवी पुढ्यात रिकामी करते: रेशनकार्ड, डोस दिल्याचं कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. महाराष्ट्रात निम्मी शाळा 1 जूनला जन्मलेली असते, कारण प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली असते. एरवी आपण यावर हसतो. इथे मात्र वयाचा पुरावा म्हणून कायदा आधी शाळेचा दाखला पाहतो, तो नसेल तर पालिकेचा, आणि काहीच नसेल तेव्हा हाडांची तपासणी. दोन-चार महिन्यांच्या फरकावर पोरगा डोंगरीच्या मुलांच्या निरीक्षणगृहात जाणार की आर्थर रोडच्या तुरुंगात, हे ठरतं. "ताई, तो गणपतीनंतर झाला, एवढं नक्की," असं आई सांगते, आणि तेही लिहून घ्यायचं असतं.

नवखे विद्यार्थी 'घरचं वातावरण चांगलं नाही' एवढं लिहून मोकळे होतात. मुलांच्या जामिनाला गुन्हा किती गंभीर हे आड येत नाही. सोडल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल का, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका आहे का, न्यायाचा हेतू फसेल का, हे पाहतात. त्यामुळे तुमच्या त्या एका वाक्यावर पोरगा आत राहू शकतो. आई सहाला धुण्याभांड्याला जाते, मामा दोन गल्ल्या सोडून राहतो आणि रात्री भाच्याला ठेवून घ्यायला तयार आहे, असं लिहिलं तर मंडळाला काहीतरी ठरवता येतं. मत कमी आणि पाहिलेलं जास्त, हे अंगवळणी पडायला मला वाटतं दोन वर्षंही कमीच.

यावर हमखास येतं, "मग दिल्लीच्या त्या प्रकरणातला?" 2012 च्या निर्भया प्रकरणात अठराला काही महिने कमी असलेल्या आरोपीला सुधारगृहात तीन वर्षं झाली, आणि लोक खवळले. त्यानंतर 2015 चा कायदा आला. आता सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याच्या क्षमतेचं प्राथमिक मूल्यांकन करतं आणि खटला मोठ्यांसारखा चालू शकतो. गुन्हा करताना पोराला परिणाम कळत होते का, हे नंतर एका खोलीत बसून सांगायचं. माझी तरी छाती होत नाही.

आता नोकरीचं. सरकारी जागा थोड्या, बऱ्याचशा कंत्राटी. संस्था आहेत, 'टिस'चाच 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून कोठडीतल्या माणसांसाठी काम करतोय. पगार आयटीतल्या भावासमोर काढू नये असा.

तरीही मुलगी ठाम असेल, तर फॉर्म भरण्याआधी तिला एक दिवस मुंबईच्या किल्ला कोर्टात मागच्या बाकावर बसवा. बाल न्याय मंडळात बाहेरच्यांना बसू देत नाहीत, पण फौजदारी कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. रिमांडच्या वेळेला, म्हणजे अटक केलेल्यांना हजर करतात तेव्हा जा, आणि डबा बरोबर घ्या.