पद्मिनी घेऊन भोरला

आज सकाळी माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी काढली आणि पुण्याहून भोर गाठलं. हायवेवर फार मजा नाही, डावी लेन धरून शांतपणे जायचं. पण कापूरहोळहून आत वळलं की ही गाडी खुलते. 1089 सीसीचं इंजिन, चार गिअर आणि गिअरची दांडी स्टिअरिंगलाच. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे प्रत्येक वळण दंडाला कळतं. चढ लागला की आधी इंजिनचा सूर बदलतो, मग हात आपोआप गिअरकडे जातो. ताशी पन्नासला जो आनंद हिच्यात मिळतो, तो नव्या गाडीत शंभरलाही मला मिळालेला नाही. पुढची तिकोनी काच जरा तिरकी केली की वारा थेट अंगावर. एसी हवाय कुणाला!

भोरमध्ये चहाला थांबलो, तर एक आजोबा बॉनेटवर हात ठेवून उभे. मुंबईत टॅक्सी चालवायचे, पद्मिनीच. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाड्यांवर किती घरांच्या चुली पेटल्या असतील! ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी बंद झाली, ती बातमी त्यांनी जपून ठेवलीय म्हणे. मी किल्ली पुढे केली. आधी ‘नको नको’ म्हणाले, मग बसले. काय अलगद गिअर टाकत होते! मी शेजारी बसून नुसता त्यांचा हात बघत होतो.

भोर-वाईकडे कुणाकडे जुनी फियाट किंवा पद्मिनी असेल तर कळवा. पावसाळा संपला की सगळे मिळून एक फेरी काढू. आजोबांनाही बोलावणार आहे.