स्वस्त सायक एनपी प्रोग्रॅम शोधताना

न्यू जर्सीत प्रायमरी केअरमध्ये एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स) म्हणून काम करताना एक गोष्ट सतत दिसायची. पेशंट येतो शुगरची गोळी बदलून घ्यायला आणि बोलत बसतो झोप लागत नाही त्याबद्दल. सायकिॲट्रीला रेफर करावं, तर तारीख मिळते काही महिन्यांनंतरची. त्यात एडिसन-इझेलिनकडचे आपले आजी-आजोबा. मुलाकडे कायमचे राहायला आलेले, गाडी येत नाही, दिवसभर घरात. डिप्रेशनचं नाव काढलं की "छे हो, मला काय वेड लागलंय? तुम्ही जरा बीपी बघा." पण मराठीत विचारलं की बीपी बघता बघता सगळं बाहेर येतं. मग ठरवलं, पोस्ट-मास्टर्स पीएमएचएनपी सर्टिफिकेट करायचं, म्हणजे मास्टर्सनंतरचा सायकिॲट्रिक नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स. एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) आधीच होतं, त्यामुळे पुन्हा अख्खी मास्टर्स करायची गरज नव्हती.

नोकरी सोडणं परवडणार नव्हतं, त्यामुळे ऑनलाइन हे पक्कंच. सगळे जण आधी बघतात तो क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाच्या एका एककाचा दर, मीही तिथूनच सुरुवात केली. चार-साडेचारशे डॉलरपासून हजाराच्या वरपर्यंत दर दिसतात. काही सरकारी विद्यापीठं ऑनलाइन विद्यार्थ्यांना राज्याबाहेरच्यांसाठीही एकच दर लावतात, काही दुप्पट घेतात. पण हा दर म्हणजे भाजीवाल्याच्या पाटीवरचा आकडा. पिशवी भरून किती झाले, ते नंतर कळतं.

पहिली चाळणी म्हणजे राज्य. कोर्स ऑनलाइन असला तरी क्लिनिकल, म्हणजे पेशंटसोबतचं प्रत्यक्ष काम, तुमच्या राज्यात होतं, त्यामुळे प्रत्येक शाळेची कोणत्या राज्यातले विद्यार्थी घेते याची यादी असते. न्यू जर्सी नसलेल्या शाळा तिथेच कटाप. दुसरी चाळणी ॲक्रेडिटेशनची, आणि इथे बारीक बघावं लागतं. अनेक शाळांच्या एमएसएनला सीसीएनईची (नर्सिंगच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता असते. पण पोस्ट-ग्रॅज्युएट एपीआरएन (नर्स प्रॅक्टिशनरसारख्या प्रगत नर्सेसच्या) सर्टिफिकेटची मान्यता वेगळी दिली जाते. शाळेची जाहिरात वाचून भागत नाही, सीसीएनईच्या यादीत त्या सर्टिफिकेटचं नाव स्वतः शोधायचं. ती नसेल तर पुढे सर्टिफिकेशनच्या परीक्षेला अडचण.

त्यानंतर गॅप ॲनालिसिस, म्हणजे आधीचे कोणते विषय धरले जातील आणि कोणते करावे लागतील याची तपासणी. प्रोग्रॅम डायरेक्टर तुमची जुनी ट्रान्सक्रिप्ट घेऊन विषय लावून बघते: ॲडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, ॲडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी, ॲडव्हान्स्ड हेल्थ असेसमेंट. हे तीन माझे झालेले होते. एका शाळेने तिन्ही मान्य केले. दुसरीचा क्रेडिटचा दर बराच कमी, पण फार्माकॉलॉजी पाच वर्षांपेक्षा जुनी म्हणून पुन्हा करा म्हणाली. बेरीज केली तर स्वस्त शाळा महाग पडत होती. म्हणून माझं मत असं, की फी विचारायच्या आधी गॅप ॲनालिसिस मागा. काही शाळा अर्ज भरल्याशिवाय करत नाहीत, पण जुने सिलॅबस जोडून नम्रपणे मेल टाकली तर अंदाज देणाऱ्याही भेटतात. सिलॅबसच्या पीडीएफ जपून ठेवा, नुसत्या कोर्सच्या नावावर कोणी काही देत नाही.

माझ्यासारख्या भारतात बीएस्सी नर्सिंग केलेल्यांसाठी आणखी एक फाटा. काही शाळांना अमेरिकेतली मास्टर्सची ट्रान्सक्रिप्ट पुरते. काहींना भारतातल्या डिग्रीचं मूल्यांकन नव्याने हवं असतं. त्याचे पैसे आणि वेळ दोन्ही धरून चाला.

खरा खर्च मात्र प्रिसेप्टरमध्ये आहे, म्हणजे क्लिनिकलमध्ये ज्याच्या हाताखाली शिकायचं त्या अनुभवी माणसात. एएनसीसीच्या (सर्टिफिकेशनची परीक्षा घेणारी संस्था) परीक्षेसाठी सायकमध्येच किमान 500 सुपरवाइज्ड क्लिनिकल तास लागतात. एफएनपीचे जुने तास त्यात धरत नाहीत. 2022 च्या राष्ट्रीय मानकांमध्ये एनपी शिक्षणासाठी 750 तासांचा आकडा आल्यापासून काही शाळा जास्तही मागतात. हे तास कोणाच्या हाताखाली करायचे? मी प्रत्येक ॲडमिशनवालीला फोनवर तोच प्रश्न विचारायचे.

"प्रिसेप्टर तुम्ही देता का?"

"वुई सपोर्ट यू थ्रूआउट द प्रोसेस."

"सपोर्ट म्हणजे? नाही मिळाला तर कोण शोधणार?"

"आमच्याकडे रिसोर्सेस आहेत."

म्हणजे तुम्हीच शोधा. त्या रिसोर्सेसमध्ये बहुधा एक यादी असते आणि तिच्यातले निम्मे फोन लागत नाहीत. पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या कंपन्या आहेत, पण एकेका रोटेशनला (क्लिनिकलच्या एका टप्प्याला) हजारो डॉलर मोजावे लागू शकतात. नाही मिळाला तर सेमिस्टर पुढे ढकला. शेवटी मी क्रेडिटला जास्त घेणारी, पण प्लेसमेंट आम्ही देऊ असं हँडबुकात लेखी असलेली शाळा निवडली. तोंडी आश्वासनाला माझ्या लेखी किंमत नाही. त्याच हँडबुकात कॅम्पसवर किती वेळा यावं लागतं तेही बघून घेतलं, कारण विमान आणि हॉटेल धरलं की "पूर्ण ऑनलाइन"चा अर्थ बदलतो.

पैशांचं एक गणित मात्र जमलं. मालकाकडून शिक्षणासाठी मिळणाऱ्या रकमेपैकी वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत फेडरल कर लागत नाही आणि ही मर्यादा कॅलेंडर वर्षाची असते. त्यामुळे पार्ट-टाइम घेऊन कोर्स तीन कॅलेंडर वर्षांत पसरवला. एचआरच्या कागदावर कोर्सनंतर किती काळ तिथेच नोकरी करावी लागेल ते कलम असतं, सही करण्यापूर्वी ते वाचलं. नवरा म्हणाला, "एकदम फुल-टाइम कर, लवकर सुटशील." त्याला एक्सेल दाखवली, गप्प झाला.

सध्या प्रौढांचं रोटेशन चालू आहे, एका कम्युनिटी मेंटल हेल्थ क्लिनिकमध्ये. पीएमएचएनपी सगळ्या वयोगटांसाठी असतं, त्यामुळे मुलांचेही तास लागतात आणि तीच जागा मिळायला सगळ्यात अवघड. शाळेने साइट सुचवली आहे, करार सहीसाठी गेलाय.