पिवळ्या नंबरप्लेटच्या गाड्या

आपल्याकडे पिवळी नंबरप्लेट दिसली की ती टॅक्सी किंवा टेंपो, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जपानमध्ये ती घरच्या केई गाडीला असते. केई म्हणजे कायद्याने मापं ठरवून दिलेला सर्वांत लहान गाड्यांचा वर्ग: लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर, उंची 2 मीटर, इंजिन 660 सीसी आणि माणसं चार, यापुढे जायचं नाही. भारतातली आजची ऑल्टो के10 सुद्धा या मापात बसत नाही, ती 3.53 मीटर लांब आहे.

मी हमामात्सुत राहतो, सुझुकीच्या गावात, त्यामुळे या गाड्या दिवसभर नजरेसमोर असतात. ऑफिसच्या कामासाठी मात्र बहुतेक वेळा भाड्याची मध्यम सेडान मिळते, पांढरी नाहीतर चंदेरी. नाव ठेवायला जागा नसते. गाडी बिनआवाज चालते, सीट ठीक असते, एसी गार असतो. पण किल्ली परत दिली की तिच्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. एवढं लोखंड, एवढे कारागीर, एवढा पैसा, आणि कुणाला नावडू नये एवढाच विचार करून बनवलेली गाडी.

केईवाल्यांना अशी चैन परवडत नाही. मापं ठरलेली असल्यामुळे प्रत्येक इंचाचा हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब गाडीत दिसतो. वॅगन आरमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटची गादी उचला, खाली कडीची प्लास्टिकची बादली निघते. चिखलाचे बूट, ओली छत्री, काहीही टाका, घरी गेल्यावर उचलून धुवा. होंडाच्या एन-बॉक्समध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली सरकवली आहे. त्यामुळे मागची गादी थिएटरमधल्या खुर्चीसारखी उभी दुमडते आणि तिथे कुंडीतलं झाड उभंच्या उभं मावतं. दारं सरकती. आमच्या गल्लीत दोन्हीकडे भिंती, साधं दार पूर्ण उघडत नाही, पण शेजारच्या आजी सरकत्या दारातून नातवाला आणि भाजीच्या पिशव्यांना आरामात बाहेर काढतात. ही सोय ज्याने विचार करून केली त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

हा वर्ग 1949 सालचा, युद्धानंतर कंगाल झालेल्या देशाला परवडणारं वाहन मिळावं म्हणून आखलेला. 1955 मध्ये मर्यादा 360 सीसी झाली आणि त्याच वर्षी सुझुकीची पहिली मोटार सुझुलाइट आली. 1958 ची सुबारू 360 तर फक्त 10 इंची चाकांवर चार मोठ्या माणसांना घेऊन जायची. पुढे 550 आणि 1990 पासून 660 सीसी.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती 1979 ची ऑल्टो. प्रवासी गाडीवर लागणारा कर टाळायला सुझुकीने ती मालवाहू वर्गात बसवली आणि किंमत ठेवली 4 लाख 70 हजार येन. गाडी साधी, पण लोकांच्या उड्या पडल्या. तिच्याच घराण्यात 796 सीसीचं इंजिन घालून 1983 मध्ये आपली मारुती 800 आली. आपल्या कितीतरी घरांतली पहिली गाडी मुळात या केईच्या चौकटीतून निघालेली आहे, हे इथे आल्यावर नीट उमगलं.

खर्चाचंही सांगतो, कारण घरून फोनवर हाच प्रश्न येतो. नव्या खासगी केईला वर्षाचा कर 10,800 येन, तर दीड ते दोन लिटर इंजिनच्या नव्या गाडीला 36,000. एक्स्प्रेसवेचा टोल कमी. शिवाय मोठी गाडी नोंदवण्याआधी पार्किंगची जागा दाखवून पोलिसांकडून दाखला घ्यावा लागतो. खेड्यापाड्यांत बऱ्याच ठिकाणी केईला तो लागत नाही. म्हणूनच तिथे घरटी एकाहून जास्त केई असतात, आणि त्यातली एखादी हमखास छोटा ट्रक, तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पडणारा, भाताच्या खाचरांमधल्या चिंचोळ्या वाटेने जाणारा.

उणिवा आहेतच. चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना बिनटर्बोचं इंजिन अक्षरशः ओरडतं. वादळी वाऱ्यात उंच गाडी पुलावर डुलते, तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं. आणि सरकत्या दारांच्या उंच केई आता स्वस्त राहिलेल्या नाहीत, नवी एन-बॉक्स 17 लाख येनांच्या घरात जाते. एवढ्या पैशांत मोठी गाडी येते, हे लोकांचं म्हणणं मला पटतं. मी स्वतः साधी ऑल्टो घेणार आहे. उंची कमी, वजन कमी, वाऱ्याचा त्रास कमी, आणि आम्हा दोघांना तेवढी भरपूर झाली.