आठ बिटचं भांडण

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो, तर बाहेरच्या खोलीत भाचा आणि त्याचा मित्र गवतावरून भांडत होते. गवत टीव्हीतलं. भाच्याच्या निन्टेन्डो स्विच या गेमच्या यंत्रावर झेल्डा नावाचा गेम लावलेला, खेळ मध्येच थांबवलेला, आणि दोघं टीव्हीला नाक लावून एका दगडाची सावली तपासत होते. मित्राचं म्हणणं, कडा दातेरी दिसतात, सोनीच्या पीएस फाइव्हवर असलं खपवून घेत नाहीत. भाचा म्हणे, अरे, हा हातात धरून बॅटरीवर पण चालतो. ‘नऊशे पी आहे रे तुझं, हजार ऐंशी पण नाही!’ मित्राने निकाल दिला. (पी म्हणजे चित्रात आडव्या रेषा किती, ते.) मग त्यानेच मला साक्षीला ओढलं. ‘काका, तुम्हीच सांगा.’ मी चष्मा लावून पाहिलं. गवत हिरवं होतं, तसं सांगितलं. दोघांनीही माझा नाद सोडला.

मित्राचं अगदीच चुकत नव्हतं म्हणा. स्विच बाजारात आला २०१७ला, आणि त्याच्यातली चिप जाहीर झालेली २०१५ला. त्या झेल्डातल्या कोरोकच्या जंगलात शिरलं की चित्र अडखळायला लागतं, हे भाच्यालाही मान्य आहे. फरक एवढाच की भाचा त्या जंगलात जाऊन आलाय. मित्राने ते अडखळणं यूट्यूबवर पाहिलंय.

आमच्या वेळी पी नव्हते, बिट होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाड्याच्या ओट्यावर आठ बिट विरुद्ध सोळा बिट असा सामना रोज संध्याकाळी रंगायचा. बिट म्हणजे काय, ते दिसतं की ऐकू येतं, हे कुणालाही ठाऊक नव्हतं. पण सोळा आठाच्या दुप्पट असतात एवढं गणित सगळ्यांचं पक्कं होतं. वरच्या मजल्यावरच्या एका मुलाच्या मामाने दुबईहून सेगाचा मेगा ड्राइव्ह आणला होता, सोळा बिटवाला. बाकी आम्ही सगळे आठ बिटवाले. जपानात १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली मिळायच्या. त्याला आम्ही नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. कंपनीचं नाव खोक्यावर असायचं, पण खोका कोण जपून ठेवतो? कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असे, आणि पाच-सहा गेम झाले की पुन्हा मारिओच निघायचा, फक्त यावेळी तिसऱ्या स्टेजपासून.

गंमत अशी की तो सोळा बिटवाला कधीच भांडला नाही. तो नुसता म्हणायचा, ‘या खेळायला, पाय धुऊन या.’ भांडायचो आम्ही. त्यातही सगळ्यात मोठा आवाज माझा, कारण माझ्याकडे सोळाही नव्हते आणि आठही नव्हते. मी शेजारच्या आठांवर पोसलेला. यंत्राच्या ताकदीबद्दल जो तावातावाने बोलतो त्याच्या हातात बहुधा रिमोट नसतो, हा माझा तेव्हापासूनचा लाडका सिद्धांत आहे. मोबाइल, मोटारगाड्या, राजकारण, कुठेही लावून पाहा.

शेजारी टीव्ही फक्त दुपारी मिळायचा, काकू झोपल्यावर. कारण व्हिडिओ गेमने पिक्चर ट्यूब जाते. हे कोणी शोधून काढलं देव जाणे, पण अख्ख्या महाराष्ट्रात ते एकाच वेळी सगळ्या मोठ्यांना कळलं होतं. मग आवाज बंद करून कॉन्ट्रा, म्हणजे गोळीबाराचा गेम. आता कॉन्ट्रात काय व्हायचं, की समोरून माणसं जास्त आली, त्यात गोळ्या सुरू झाल्या, की सगळे लुकलुकायला लागायचे. अर्धा माणूस दिसतोय, अर्धा गायब. कधी आपलाच हिरो गायब. आमच्यातल्या एका थोराड मुलाने निदान केलं, ‘पॉवर कमी पडतेय.’ म्हणून आम्ही पंखा बंद करायचो. मे महिना, पत्र्याखालची खोली, पाच पोरं, आणि पंखा बंद. घाम गळतोय आणि कुणीतरी गंभीरपणे म्हणतोय, ‘आता बघ, कमी झालं ना?’ आणि आम्हाला ते खरोखर कमी झालेलं दिसायचं.

खरं कारण मला पुष्कळ वर्षांनी समजलं. त्या यंत्राला पडद्याच्या एका आडव्या रेषेत हलणारे तुकडे फक्त आठच काढता यायचे, प्रत्येक तुकडा आठ ठिपक्यांचा. एका माणसाला शेजारीशेजारी दोन तुकडे धरले, तर चार माणसं एका ओळीत आली की कोटा संपला. नववा तुकडा यंत्र काढतच नाही. मग गेम करणाऱ्यांनी युक्ती केली: दर खेपेला क्रम फिरवायचा. आत्ता हा गाळला तर पुढच्या वेळी तो गाळा. म्हणजे कुणी एक कायमचा नाहीसा होत नाही, सगळेच आळीपाळीने थोडे थोडे नाहीसे होतात. आमच्या नळाला पाणी याच तत्त्वावर यायचं.

त्या सगळ्या यंत्राची मूळ स्मृती दोन किलोबाइट. अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५चा, चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला. सकाळी सकाळी गुलाबाचं फूल घालून जो ‘शुभ प्रभात’ येतो तो याहून जड असतो. त्या चाळीसात भागवायचं म्हणून मारिओतले ढग आणि झुडपं एकच आहेत, वर पांढरा रंग, खाली हिरवा. आणि मुळात मारिओला टोपी का, तर केस काढणं अवघड होतं म्हणून. मिशा का, तर त्या इवल्याशा चेहऱ्यावर तोंड काढत बसायला नको म्हणून. हे मारिओचे जनक, निन्टेन्डोचे शिगेरू मियामोतो यांनी स्वतः सांगितलेलं आहे. आम्ही तो चेहरा वह्यांच्या मागच्या पानांवर काढून काढून पाठ केला होता, टोपीसकट.

याच निन्टेन्डो कंपनीत गुनपेई योकोई नावाचे गृहस्थ होते. स्वस्त झालेलं, मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते भलत्याच कामाला लावायचं, हा त्यांचा खाक्या. हातात धरून खेळायचा १९८९चा गेम बॉय त्यांचाच. रंग नाहीत, शेवाळी पडद्यावर चार छटा. पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत गेम गिअर आणला आणि त्यापुढे गेम बॉय अगदी बापुडा दिसला. पण रंगीतवाल्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि तीन-चार तासांत ते मान टाकायचे. बापुड्याला चार सेल पुरायचे, आणि तो दिवसभर चालायचा. तेव्हाही कुठल्यातरी ओट्यावर पोरं छटा मोजत भांडली असणारच.

भाच्याला हे सगळं सांगायला गेलो तर म्हणाला, ‘मामा, दाखव ना.’ माळ्यावर पुढे कधीतरी जुन्या बाजारात घेतलेला एक आठ बिटवाला पडून आहे. काढला, पिवळी पिन टीव्हीत खोचली, कॅसेटमध्ये फुंकर मारली. (फुंकरीने काही होत नाही म्हणतात. असू दे.) मारिओ आला, पण चेहरा ओळखीचा वाटेना. त्या फुगीर काचेच्या टीव्हीवर ठिपके एकमेकांत विरघळायचे. या चपट्या पडद्यावर प्रत्येक ठिपका फरशीसारखा वेगळा उभा. आम्ही ज्या ग्राफिक्ससाठी भांडलो त्यातले अर्धे त्या टीव्हीचेच होते, आणि तो टीव्ही भंगारवाल्याने दीडशे रुपयांत नेला.

मग बदकांचा गेम लावला. मित्राने त्या गेमची बंदूक घेतली, एक डोळा मिटून नेम धरला. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट तीच पडद्यावरचा उजेड बघते: चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो तिला दिसला तर बदक पडतं. नव्या टीव्हीवर तो चौकोन तिला वेळेवर दिसतच नाही. मित्राने अगदी पडद्याला नळी टेकवून चाप ओढला. बदक निवांत उडून गेलं. गवतातून कुत्रा वर आला आणि तोंडावर पंजा धरून हसला.

‘कुत्र्याचं अ‍ॅनिमेशन मात्र भारी आहे,’ मित्र म्हणाला.