पेपरातल्या बायका मोजताना

डिचोलीत रविवारी नववी-दहावीच्या मुलांचा मीडियाचा वर्ग घेते, त्यात भाषण कमी आणि पेपर चाळणं जास्त. फोटोतला प्रत्येक माणूस मोजा, बाई की पुरुष, आणि तिथे काय करतोय तेपण लिहा, एवढंच सांगते. आधी नुसता टाइमपास, मग एक मुलगी म्हणाली, "टीचर, बायका सगळ्या सोन्याच्या जाहिरातीत, नायतर बुके धरून उभ्या." क्रीडा पानावर तर शुकशुकाट!

हे फक्त आपल्याकडचं नाही हां, ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्टने १९९५ मध्ये जगभरच्या बातम्या तपासल्या तेव्हा बातम्यांतल्या माणसांत बायका १७ टक्के, २०२० मध्ये २५. चतुर्थीतलं म्हापशाचं ट्रॅफिक तरी यापेक्षा लवकर सरकतं.

पण खरी मजा पणजीच्या वाटेवरच्या कसिनोच्या होर्डिंगवर आली, त्यावर पोज देऊन एक बाई उभी. म्हटलं, हिच्या जागी अशीच पोज देऊन तुमचा मामा उभा केला तर? हसून हसून लोळले सगळे, आणि मागच्या बाकावरचा एकजण म्हणतो, "पण टीचर, पैसे मामाच लावणार ना, म्हणून ती तिथे आहे." कप्पाळ, आता मी काय शिकवू! जाहिरातीतल्या बाई-पुरुषांच्या असल्या ठरीव साच्यांवर एएससीआयने, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, २०२२ मध्ये गाइडलाइन्स काढल्यात, पुढच्या रविवारी त्या वाचून तक्रार मुलांकडूनच लिहून घेणार.