सदऱ्याच्या खिशातली गोळी

आप्पांचं हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता सगळं गोळ्यांवर. गोळ्या देणं काय अवघड? दिवसाला सात, डबीत भरून ठेवायच्या.

वजनाचं काम मात्र रोजचं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी काट्यावर उभं करायचं आणि आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पाणी दिवसाला दीड लिटर, तेही मापून. लोणचं-पापड बंद. भाऊ दर रविवारी पुण्याहून फोन करून विचारायचा, "पापड देत नाहीस ना?" त्या फोनचा मला फार राग यायचा.

श्रावणात आकडे चढले. ६१.२, ६१.९, ६३.४. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. रात्री तीन उशा लावूनही धाप लागायची. चार दिवस दवाखान्यात काढले. तिथे पहिला प्रश्न मलाच, "गोळ्या वेळेवर देता ना?" मी स्ट्रिपा मोजून दाखवल्या. हिशेब बरोबर होता.

घरी आल्यावर सदरे भिजवायला घेतले, तर एका खिशात पांढरा लगदा. लघवीची गोळी, अंगातलं पाणी काढणारी. दुसऱ्या खिशात अख्खी. चिडूनच विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "पेन्शनरांच्या बैठकीला एसटीनं जायचं. मधे कुठं उतरू गं? सत्तरीचा माणूस मी."

मी महिनोन् महिने गोळ्या मोजत होते, पण त्या घेताना त्यांना काय अडचण येते, हे एकदाही विचारलं नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, बाहेर जायचं त्या दिवशी परत आल्यावर दुपारी घ्या, पण चुकवू नका. एवढ्याशा वाक्यासाठी चार दिवस दवाखान्यात! गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळीही त्यांनी तेव्हाच बंद केली, तिनं अंगात पाणी साठतं म्हणून.

जाता जाता त्यांनी माझं बीपी बघितलं. १५० वर ९६. माझी स्वतःची थायरॉईडची गोळी कधीपासून संपली होती, आठवेना.

त्या रात्री भावाला फोन केला आणि पापडाचं बोलूच दिलं नाही. वजन विचारायची पाळी त्याची लावली. आता सकाळी सातला फोन वाजतो. आप्पा काट्यावरूनच ओरडून सांगतात, "एकसष्ट पॉइंट तीन!" आणि मी तेवढ्यात माझी गोळी घेते.