निकेल बहात्तर की चौसष्ट?

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्लेटिंग कारखान्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते, तेव्हाची गोष्ट. निकेलच्या टाकीतून निघणाऱ्या जॉबच्या, म्हणजे मुलामा चढवलेल्या भागांच्या, कडा आठवडाभर जळत होत्या. मधला भाग लखलखीत, कडा मात्र करड्या आणि खरबरीत. प्लेटिंगचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, हल सेलची पट्टी घेऊन आले. टाकीतलं द्रावण छोट्या पात्रात घेऊन एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी करंट देत मुलामा चढवलेली ही चाचणीची पट्टी. तिचंही जास्त करंटचं टोक काळवंडलं होतं. "मॅडम, टाकीत निकेल कमी पडतंय," ते म्हणाले.

माझ्या रिपोर्टात निकेल होतं लिटरला ७२ ग्रॅम. आमची मर्यादा ७० ते ८०. बोरिक ॲसिड ठीक, पीएच ४.२, तापमान ५५. मी त्यांच्यासमोर ईडीटीएचं टायट्रेशन, म्हणजे निकेलला पकडणारं ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजणं, तीनदा केलं. म्युरेक्साइड या दर्शकाचा पिवळा रंग तिन्ही वेळा त्याच आकड्याला जांभळा झाला. काका काही बोलले नाहीत. पट्टी माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले, आणि ती पट्टी काही खोटं बोलत नव्हती.

तीनदा तेच उत्तर आलं खरं, पण ईडीटीएची बाटलीही तिन्ही वेळा तीच होती. तिच्यावरची मोलॅरिटी, म्हणजे द्रावणाची ताकद, चुकली असेल, तर शंभरदा केलं तरी चूकच येणार. दुसरी शंका अशी, की बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात, उतरलेलं तांबं नि जस्तही ईडीटीए निकेल म्हणूनच मोजतं. दोन्ही शंका एकदम मिटवायच्या तर ग्रॅव्हिमेट्रीच, म्हणजे निकेल वेगळं काढून त्याचं वजन करणं, करायला हवी होती. तिथे कुठल्याच द्रावणाची ताकद आधी माहीत असावी लागत नाही. काटा खरा असला म्हणजे झालं. डायमिथाइलग्लायॉक्झाइम, म्हणजे आमचं डीएमजी, सौम्य अमोनियात निकेलला तेवढं नेमकं साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, करून खाली बसवतं. लेव चुगायेव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९०५ साली दाखवलेली ही अभिक्रिया आजही तितकीच भरवशाची आहे.

बाथचे १० मिली २५० पर्यंत पातळ केले आणि त्यातले दहा-दहा मिली तीन बीकरांत घेतले. पाणी, थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड, लोह आलंच तर ते धरून ठेवायला टार्टारिक ॲसिड. सत्तरच्या वर गरम करून एक टक्क्याचं डीएमजी घातलं, बेताने. ते जास्त झालं तर स्वतःच स्फटिक होऊन साक्यात बसतं आणि वजन वाढवतं. त्यातलं अल्कोहोल जास्त झालं तर साकाच थोडा विरघळतो. मग पातळ अमोनिया, थेंबाथेंबाने. पहिल्या थेंबांना लाल ढग उठून विरला. पुढच्या थेंबाला विरला नाही. बघता बघता बीकरभर कुंकवासारखा लाल, फुललेला साका झाला. कॉलेजात कितीदा पाहिलं होतं, तरी त्या दिवशी हात थांबला.

तासभर वॉटर बाथवर ठेवून, गार करून, जी-४ या बारीक छिद्रांच्या काचेच्या क्रुसिबलमधून गाळलं. हा साका काचेवर वर चढतो. रबरी टोकाच्या कांडीने शेवटचा कण खाली आणेपर्यंत मान अवघडते. धुतल्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने दुधाळपणा येईनासा होईपर्यंत धुतलं. ११० अंशाला वाळवून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा लागू न देणाऱ्या भांड्यात, निववून पहिलं वजन घेतलं: साका ०.१२८३ ग्रॅम. परत ओव्हनमध्ये. ०.१२६९. परत. ०.१२६८. आता आकडा हलेना. बाकीच्या दोन क्रुसिबलांत ०.१२६५ आणि ०.१२७०. या साक्यात निकेल २०.३२ टक्के. हिशोब केला, लिटरला ६४.४ ग्रॅम. बहात्तर असतं, तर साका ०.१४१७ भरायला हवा होता.

लगेच ईडीटीए शुद्ध जस्तावर तपासलं. ०.१ ऐवजी ०.०८९५ मोलर. कपाटात ईडीटीएच्या दोन सारख्याच बरण्या होत्या, एक डायसोडियमची, दुसरी टेट्रासोडियमची. तीन आठवड्यांपूर्वी द्रावण करताना दुसरी उघडली गेली होती आणि वजन मात्र पहिलीच्या हिशोबाने, ३७.२२ ग्रॅम, घेतलं होतं. टेट्रासोडियम जड, म्हणून तेवढ्या वजनात ईडीटीए कमी भरलं. त्या दिवशी घाई होती म्हणून जस्तावर तपासणी झाली नाही आणि रजिस्टरमध्ये सही माझी होती. जॉबबरोबर बाथ रोज थोडा थोडा बाहेर जात होता आणि माझ्या रिपोर्टावर विसंबून भर घालणं बंद होतं. काकांना आठवडाभर वरून बोलणी बसली, ती माझ्या त्या सहीमुळे. याचं मला आजही वाईट वाटतं.

मी स्वतः शॉपमध्ये गेले. "काका, चौसष्ट आहे. तुमचं बरोबर होतं." ते एवढंच म्हणाले, "किती घालायचं, ते सांगा." टाकी दोन हजार लिटरची, म्हणजे बहात्तरवर आणायला निकेल सल्फेट ६८ किलो. वेगळ्या टाकीत गरम पाण्यात विरघळवून, गाळून, दोन दिवसांत घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काका नवी पट्टी घेऊन आले आणि जुन्या पट्टीशेजारी ठेवली. टोकापर्यंत एकसारखी चकाकत होती.